मागच्या दाराची बादली

४ फेब्रुवारी

ही वही कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिली. पुढच्या पानांवर रकाने आखलेत. तारीख, कुत्रं, कुणाचं, गोळ्या किती, कशातून दिली, थुंकली का. एवढंच लिहायचं म्हणाल्या. पण वही दोनशे पानी आणि वस्तीतली कुत्री मोजून एकतीस. कोरा कागद वाया कशाला घालवायचा? म्हणून वही उलटी धरून मागून माझं माझं लिहितेय. हे कुणी वाचायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे अठ्ठावीस वर्षं कत्तलखान्यात मेंढरांची आतडी धुतली. इथलं एकूण एक कुत्रं मला ओळखतं, म्हणून बाईंनी हे काम मला दिलं. त्यांचा कंपाउंडर कुत्र्यापासून चार हात लांब उभा राहून त्याला 'ये ये' करतो. कशाला येतंय ते.

हे सगळं कशापायी चाललंय तेही लिहून टाकते. माझी नात भिंगरी, वय नऊ. चार महिन्यांपूर्वी तिच्या कलेजीतून सर्जननी माझ्या मुठीएवढा पाण्याचा फुगा काढला. माणसाच्या कलेजीला यकृत म्हणायचं असं त्यांनी मला सुनावलं. अजून एक लहान फुगा आत आहे, त्याला औषध चालू आहे. हा रोग कुत्र्याकडून होतो म्हणे. झालं. सुनेनं लगेच मुकादमकडे बोट दाखवलं. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतो म्हणून मुकादम. ती म्हणाली, हा जाईल नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. शेवटी डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. गोळ्या दिल्यावर मुकादमची तपासणी लागोपाठ दोनदा साफ आली तर तो राहील, नाहीतर लांबच्या कुत्र्यांच्या आश्रमात जाईल. तोवर मागच्या अंगणात साखळीला, आणि भिंगरीनं फक्त खिडकीतून बघायचं.

मला हे पटलेलं नाही. असले फुगे मी मेंढरांत हजार वेळा बघितलेत. मेंढरं काही इस्पितळात जात नाहीत. हल्लीची माणसंच नाजूक.

६ फेब्रुवारी

दिवसभर कुत्र्यांच्या मागे डब्या घेऊन, त्यांची घाण तपासणीसाठी गोळा करत. जिथं बसेल तिथं आपण हजर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

संध्याकाळी दवाखान्यात बाईंनी दुर्बिणीत बघितलं, मलाही दाखवलं. गोल गोल अंडी, कडेला जाड साल. म्हटलं, सापडलं ना, द्या गोळ्या. तर म्हणतात, तसं नाही मावशी, साध्या चपट्या जंताचं अंडं आणि या वाईट जंताचं अंडं हुबेहूब सारखं दिसतं, दुर्बिणीत फरक कळत नाही. जंत पूर्ण वाढला तरी तांदळाच्या कणीएवढा, म्हणून विष्ठेतही दिसत नाही. त्यामुळे सगळ्या डब्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार. आठ दिवस.

कळतच नाही तर दुर्बीण ठेवली कशाला? शोभेला?

दुपारी सगळ्या मदतनिसांची सभा होती. पडद्यावर चित्रं लावून बाई हा रोग फिरतो कसा ते सांगत होत्या. मेंढरू, मग बाण, मग कुत्रा, मग बाण. पाऊण तास झाला तरी बाण संपेनात. मी निम्म्यातून उठून आले. डब्यांवर नावं कोण चिकटवणार होतं?

१४ फेब्रुवारी

निकाल आला. एकतीसपैकी बारा कुत्र्यांत तोच जंत. मुकादम त्यात आहे. सुनेनं नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा बोललेली बरी.

मुकादम ठणठणीत आहे. अंगावर तकाकी, खाणं दणकून. बाई म्हणतात, कुत्र्याला काहीच होत नाही, हीच तर अडचण. ज्याला काही होत नाही तो आजारी कसा, हे मला कुणी समजावून सांगावं. नको, सांगू नका, परत बाण काढतील.

१७ फेब्रुवारी

गोळ्या सगळ्या एकतीसांना द्यायच्या असं ठरलं. कंपाउंडरनं पावात घालून दिल्या. पाव पोटात, गोळी मातीत. 'जावई' नावाचं कुत्रं आहे, फक्त जेवणाच्या वेळी उगवतं. त्यानं तर गोळी चाटून पुसून कंपाउंडरच्या बुटावर ठेवली.

मी म्हटलं, बाजूला व्हा. कत्तलखान्याच्या मागच्या दाराला गेले आणि बादली आणली.

ती बादली माझी. म्हणजे रीत माझी. मी कामाला लागले तेव्हा तपासनीस नापास करेल ते फोफसं, कलेजी सगळं खड्ड्यात जायचं. मला बघवेना. वरून एखादा फुगा आहे म्हणून अख्खं फोफसं फेकायचं? मी बादली भरून मागच्या दारात ठेवायला लागले, कुत्री यायची. मी रिटायर झाले तरी सुरीवाल्यानं रीत मोडलेली नाही. मुकादम त्याच बादलीवर पिल्लाचा घोडा झाला.

फोफसं, म्हणजे फुप्फुस, स्पंजासारखं असतं. सुरीनं चीर द्यायची, गोळी आत सरकवायची, कुत्रं चावतसुद्धा नाही. एकतीस कुत्री, एकतीस गोळ्या, एक थुंकली नाही. बाईंचं तोंड उघडं राहिलं. रकान्यात 'कशातून'खाली मी लिहिलं: मांस. त्यांनी कुठलं मांस विचारलं, मी म्हटलं आमच्याकडचं, ताजं. खूश झाल्या.

चौथी पास आहे, पण डोकं आहे.

१८ फेब्रुवारी

सगळ्या कुत्र्यांना आज परत एकेक तुकडा दिला, बिनगोळीचा. बक्षीस. म्हणजे पुढच्या खेपेला मला बघून पळणार नाहीत. कुत्र्याशी शब्द पाळावा लागतो.

शिंप्याची राणी तेवढी नखरेल. कातरणांच्या ढिगावर लोळणारी, दूध-पाव खाणारी, मांस कधी हुंगलेलं नाही. आधी नाक मुरडलं, मग माझी बोटं चाटून काढली.

गोळीनंतर दोन दिवस कुत्र्यांनी केलेली घाण गोळा करून जाळायची होती. जाळली. घरात शिरले तर सून दारातच साबण घेऊन उभी. हात धुवा, आई. दिवसातून दहा वेळा तेच. अठ्ठावीस वर्षं हे हात आतड्यात होते, मी मेले का?

३ मार्च

साफ! एकतीसच्या एकतीस साफ.

बाईंनी पेढ्याऐवजी मला नवा पेन दिला. त्यानंच लिहितेय, गळतो जरा. घरी सांगितलं तेव्हा भिंगरी खिडकीतून ओरडली, मुकादम पास झाला. मुलगा हसला. सुनेनं माझ्या ताटात न मागता दुसरं अंडं वाढलं. तिची माफी अशीच असते. मीही ते न बोलता खाल्लं, माझीही अशीच असते.

एप्रिलमध्ये अजून एकदा साफ आलं की साखळी सोडायची.

१९ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. भिंगरीला औषधानं मळमळतं. खिडकीत बसून मुकादमला शाळेच्या कविता म्हणून दाखवते. तो जांभई देतो. मी रोज सकाळी मुकादमसाठी बादलीला जाते. चांगलं खाल्लं तर चांगला निकाल येईल.

१ एप्रिल

डब्या गोळा केल्या. कुणी पळालं नाही. बक्षिसाचा गुण.

९ एप्रिल



बावीस. आधी बारा होती, आता बावीस कुत्र्यांत जंत. मुकादमही.

वरच्या कचेरीतला साहेब आला होता. खुर्चीत बसूनच म्हणाला, गोळ्या कुत्र्यांना गेल्या का गटारात? मला. मी वही त्याच्यासमोर आपटली. प्रत्येक गोळीपुढे माझी सही आहे. तो म्हणाला, सही कुणालाही करता येते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला सांगितलं, एकतीस कुत्र्यांच्या तोंडात मी हात घातलाय, तुम्ही तुमच्या खिशातून तरी हात बाहेर काढा.

डॉक्टरीणबाई माझ्या बाजूनं बोलल्या. पण बोलायच्या आधी जरा थांबल्या. ते थांबणं मला कळलं.

त्यांना काही उमगत नाहीये. गोळी जंत मारते, मार्चमध्ये मेलेच होते. म्हणजे नंतर परत लागण झाली. कुत्री कुठेतरी कच्चं खातायत. कत्तलखान्याकडून लेखी आलंय, नापास माल सगळा जाळतो. मग कुठून? त्या म्हणाल्या, वस्तीबाहेर कुणीतरी मेंढरं कापत असेल, तिथं शोधते. शोधा म्हटलं. कुणी हलकट सापडला तर मला दाखवा, मी बघून घेते त्याला.

आश्रमाची गाडी सोमवारी येणार. सुनेनं फोन केला. तिचा दोष नाही, ठरलंच होतं. भिंगरी जेवली नाही.

१० एप्रिल

झोप नाही. यादी चौथ्यांदा वाचली.

जावई आहे, लंगडी आहे, मुकादम आहे. ही उकिरड्यावर जातात, ठीक. पण यादीत शिंप्याची राणी आहे. फेब्रुवारीत ती गोळीआधीच साफ होती. आता जंत. म्हणजे शिंपी खोटं बोलतो. बाहेर सोडतो तिला आणि नाव माझ्या गोळ्यांचं जातं. चोराच्या उलट्या बोंबा. उद्या सकाळी त्याच्या दुकानातच त्याला धरते.

११ एप्रिल

गेले. गिऱ्हाईक होतं तरी थांबले नाही. म्हटलं, राणीला बाहेर सोडता ते कबूल करा, माझ्या कुत्र्याचं सोमवारी वाटोळं होतंय.

शिंपी मशीनवर होता. त्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या.

"मावशी, सहा वर्षांत राणी या उंबऱ्याच्या बाहेर गेलेली नाही. दूध आणि पाव. पावसुद्धा मी कुस्करून देतो. बाहेरचं तिच्या पोटात एकदाच गेलंय."

मी विचारलं, कुणाकडचं.

"तुमच्या हातचं. दोन दिवस. एकदा गोळीचं, एकदा बिनगोळीचं. त्यानंतर आठ दिवस तिनं पावाला तोंड लावलं नाही, तुमची वाट बघत बसायची."

गिऱ्हाईक हसलं. मी दुकानाची पायरी उतरले. 

दुपार झाली तरी ते डोक्यातून जात नाही.

१२ एप्रिल

सकाळी मागच्या दाराला गेले. बादली नेहमीसारखी भरलेली. आज उचलली नाही. तिथंच दगडावर बसून आत बघितलं. अठ्ठावीस वर्षं भरली, पण अशी बघितली कधी नव्हती.

वरचंच फोफसं घेतलं. त्यात चार फुगे. एक सुरीनं फोडला. पाणी स्वच्छ, पिण्याच्या पाण्यासारखं. तळाशी बारीक वाळूसारखं काहीतरी. ही वाळू मला नवीन नाही. रोज हाताला लागायची, रोज धुवायची. मेंढरानं माती खाल्ली असेल असं समजायचे.

दुसरा फुगा न फोडता डब्यात घातला आणि दवाखान्यात नेला. बाईंना म्हटलं, हे दुर्बिणीत लावा. त्यांनी कुठून आणलं विचारलं. मी म्हटलं, आधी लावा.

त्यांनी बघितलं आणि मग बराच वेळ डोळा काढला नाही. मग मला जागा दिली.

दाणे. शेकडो. काही हलत होते. प्रत्येकाच्या टोकाला बारीक हुकांसारख्या आकड्यांची गोल टोपी. बाई हळू बोलत होत्या, एकेक दाणा म्हणजे एकेक जंताचं डोकं. कुत्र्यानं हा फुगा खाल्ला की प्रत्येक डोक्याचा जंत होतो. सहा-सात आठवड्यांत अंडी घालायला लागतो. ती विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना लागतात, गवतावर जातात. गवत मेंढरू खातं.

"आणि केसांवरची?"

"ती माणसाच्या हाताला लागतात. हातावरून तोंडात. मग माणसाच्या आत फुगा होतो."

"असाच?"

"असाच, मावशी."

मी डोळा लावूनच सांगितलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये. गोळी मी याच्यात घालून दिली. सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी बक्षीसही याचंच. मुकादमला तर रोज.

बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याशी बोलता येतं. त्या म्हणाल्या, त्या सभेत हेच चित्र होतं. म्हटलं, मी निम्म्यातून उठले होते. त्या म्हणाल्या, माहितेय, बघितलं होतं मी तुम्हाला उठताना. नंतर येऊन सांगायला हवं होतं. मांस कुठलं तेही नीट विचारलं नाही. गोळ्या थुंकत नव्हती ना कुत्री, त्याच आनंदात राहिले.

मग मी भिंगरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कुणाला कुठून लागण झाली ते कुणीच सांगू शकत नाही. मी म्हटलं, बाई, मला बनवू नका. चौथी पास आहे, पण मुकादम सहा वर्षांचा आहे आणि पोर तीन वर्षांची असल्यापासून त्याच्या गळ्यात पडून वाढली, एवढा हिशेब मला येतो.



त्या मेंढरं कापणाऱ्या हलकटाला शोधत होत्या. काखेत कळसा.

१३ एप्रिल

सुनेला सांगितलं. तिच्या पाठीशी उभं राहून, ती भांडी घासत असताना. सगळं सांगितलं, बादली, फोफसं, बक्षीस. लांबण लावली नाही.

तिनं नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही आत जा. मी आत्ता काही बोलले तर जन्मभर राहील."

मी आत गेले.

१४ एप्रिल

सोमवार. गाडी यायच्या आधीच मी मुकादमला दवाखान्याच्या मागच्या अंगणात नेऊन बांधलं. बाईंनी तिथं ठेवून घ्यायचं कबूल केलं. दोनदा साफ येईपर्यंत. मुलगा म्हणाला, आश्रमाचं ठरलं होतं ना आई. मी म्हटलं, गुन्हा बादलीचा, शिक्षा कुत्र्याला नको. एवढं एकच मागतेय. त्यानं सुनेकडे बघितलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गाडी परत गेली.

मग कत्तलखान्यात. तपासनिसाला, सुरीवाल्याला, सगळ्यांना बोलावून सांगितलं, आजपासून बादली बंद. सुरीवाला दात काढत म्हणाला, "ताई, चालू तूच केलीस की." म्हटलं, म्हणून तर बंद करायलाही मीच आलेय, दुसऱ्या कुणाचं ऐकाल का तुम्ही? जाळायच्या खड्ड्याचं झाकण मोडलेलं निघालं, आत माल तसाच, न जाळलेला. म्हणजे लेखी आलेलं तेही खोटंच. वरच्या कचेरीतल्या साहेबाला बोलावून तिथंच उभं केलं आणि खड्ड्यात डोकावून बघायला लावलं. नाकाला रुमाल लावून तीन वेळा शिंकला. झाकण या आठवड्यात बसेल म्हणतो. मी रोज जाऊन बघणार आहे.

१६ एप्रिल

आज वहीची पुढची बाजू उघडली. एकतीस ओळी. प्रत्येक ओळीत 'मांस'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: कच्चं फोफसं, फुगे असलेलं. एकतीस वेळा. पेन गळत होता, बोटं निळी झाली. एका ओळीत लिहून खाली 'वरीलप्रमाणे' केलं असतं तर चाललं असतं, पण नाही केलं.

भिंगरी शेजारी येऊन बसली. शाळेत शिक्षा झाली की असंच लिहायला लावतात म्हणाली. कुणी लावलं तुला? मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाली, मग ती शिक्षा नाही, गृहपाठ.

वही बाईंच्या टेबलावर ठेवायची म्हणजे मागची बाजूही जाणार. जाऊ दे.

२१ एप्रिल

बाईंनी वही वाचून परत दिली. मागची बाजू वाचली का विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण 'कशातून'च्या रकान्याशेजारी त्यांनी नवा रकाना आखलाय: कुठून आणलं.

आज परत गोळ्या. या वेळी उकडलेलं मांस, खाटकाकडचं. तीस कुत्र्यांनी मला रडवलं. जावयानं बुटावर ठेवली, या वेळी माझ्या. राणीनं तर माझ्याकडे बघून पाठ फिरवली आणि कातरणांत तोंड खुपसलं. शिंपी टाचण्या तोंडात धरून हसत होता. हसू दे.

शेवटी मुकादम. सून भिंगरीला घेऊन आली होती. बोलावलं नव्हतं मी. दोघी कुंपणाच्या पलीकडे उभ्या. उकडलेला तुकडा दिला. मांस गिळलं, गोळी टाकली. परत दिली. टाकली. परत. टाकली. माझ्याकडे असं बघतो की बादली कुठाय? एक चीर दिलेलं फोफसं असतं तर एका सेकंदाचं काम. भिंगरी कुंपणामागून मोठ्यांदा मोजत होती. चार. पाच. सहा.

सातव्यांदा जबडा धरून घशात घातली आणि गळा चोळत बसले. गिळली.

उठले तेव्हा सुनेनं पिशवीतून साबण काढून कुंपणावरून पुढे धरला होता.  मी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत आले. मग आठवलं, नखं राहिली, आणि परत गेले.

पुढच्या बाजूला लिहिलं: मुकादम. गोळी एक. उकडलेलं मांस. खाटकाकडून. थुंकली का: सहा वेळा.